पिवळ्या दिव्यावरची काळी पट्टी

आमच्या कारध्याला धोका मोजायची जुनी सवय आहे. वैनगंगेच्या पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची पातळी २४५.५० मीटर, आणि तिच्या जरा खाली इशाऱ्याची पातळी. इशारा वेगळा आणि धोका वेगळा, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. इशारा मिळाला की लोक धानाची पोती वर चढवतात. धोका आल्यावर पोती उचलायला वेळ उरत नाही. ऑगस्ट २०२० च्या पुरात हे सगळ्या भंडाऱ्यानं पाहिलं.

अशा गावात राहून मी मोटारसायकलवरचा एक इशारा तीन आठवडे काळ्या चिकटपट्टीखाली झाकून फिरलो.

दिवा छोटासाच असतो. पिवळा रंग, गोलात ए-बी-एस ही तीन अक्षरं. चावी फिरवली की तो लागतो, आणि लागायलाच हवा. पुष्कळ जणांना तोच बिघाड वाटतो, नवीन गाडी घेतली तेव्हा मलाही वाटला होता. गाडी चालू लागली, वेग ताशी पाच-दहा किलोमीटरच्या पुढं गेला, की तो आपोआप विझतो. म्हणजे यंत्रणेनं स्वतःची तपासणी केली आणि सगळं ठीक आहे. माझा दिवा विझेना. पुढचा टायर बदलून आणला, त्या दिवसापासून.

गॅरेजवाला म्हणाला, ‘‘चाचा, बिरेक लागते ना? मंग कायले डोक्याले ताप?’’ आणि त्यानंच दिव्यावर पट्टी चिकटवून दिली. ब्रेक लागत होता हे खरंच. ही यंत्रणा बंद पडली तरी साधा ब्रेक चालूच राहतो, त्यामुळं माणूस निर्धास्त होतो. मीही झालो.

या दिव्याचं कूळ शोधत गेलं तर ते रस्त्यावर नाही, विमानाच्या धावपट्टीवर सापडतं. ओल्या धावपट्टीवर वैमानिकानं ब्रेक दाबला आणि चाक जाम झालं, तर टायर घासत जातो, फाटतो, विमान भरकटतं. आणि चाक फिरतंय की घसरतंय, हे इतक्या वर बसलेल्या वैमानिकाला कळत नाही. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डनलॉप कंपनीनं ‘मॅक्सारेट’ नावाची यंत्रणा विमानांसाठी आणली. चाक जाम व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सोडायचा, चाक फिरलं की पुन्हा धरायचा.

पुढची गोष्ट आपल्या जवळची आहे. १९५८ साली इंग्लंडमधल्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेनं हीच यंत्रणा एका मोटारसायकलवर बसवून पाहिली. गाडी होती रॉयल एनफील्डची ‘सुपर मिटिऑर’. मद्रासला ज्यांची बुलेट तयार होऊ लागली होती, त्याच घराण्यातली ही विलायती बहीण. निसरड्या रस्त्यावर गाडी कमी अंतरात थांबली, घसरणं कमी झालं. पण कंपनीचे तांत्रिक प्रमुख टोनी विल्सन-जोन्स यांना या प्रकाराला भविष्य दिसलं नाही. यंत्रणा विक्रीच्या गाडीत आलीच नाही.

मग तीस वर्षं गेली. मधल्या काळात, १९७८ मध्ये, बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या मोटारीत आली. चार चाकांच्या गाडीत बसलेल्या माणसाला हे संरक्षण आधी मिळालं. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला ते मिळालं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के १०० या गाडीवर, आणि तेव्हा त्या यंत्रणेचं वजनच अकरा किलोच्या घरात होतं. आपल्याकडं २०११ मध्ये टीव्हीएसनं अपाचे आरटीआर १८० वर ती दिली. पुढं सरकारनं १२५ सीसीहून मोठ्या दुचाक्यांना ती सक्तीची केली, नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून. एकाच चाकाला असली तरी नियमाला चालते. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत ती फक्त पुढच्या चाकाला असते. माझ्याही तशीच.

त्या तीस वर्षांवर माझं मन अडतं, त्याला कारण आहे. १९८६ च्या मृगात अब्बा भंडाऱ्याहून बांगड्यांचा माल घेऊन राजदूतवर येत होते. पहिल्या पावसानं रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा लेप झालेला. पुलाच्या उतारावर गाय आडवी आली, अब्बांनी ब्रेकवर पाय रोवला, चाक जाम झालं आणि गाडी आडवी गेली. फिरणाऱ्या चाकाला रस्त्याची पकड असते. घसरत्या चाकाची ती सुटते आणि सोबत तोलही जातो. मी पोचलो तेव्हा उतारभर हिरव्या काचा पसरलेल्या होत्या आणि दोन माणसं अब्बांना उचलत होती. खुबा मोडला होता. त्यानंतर ते कायम खुर्चीवर बसूनच नमाज पढले.

त्यांच्या राजदूतला अशी यंत्रणा असती असं मी म्हणत नाही, परवडलीही नसती. पण इंग्लंडमधल्या त्या चाचणीला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती, हे वाचल्यापासून ती हिरवी काच पुन्हा डोळ्यांपुढं येते.

आणि अशा बापाचा मुलगा दिव्यावर पट्टी लावून फिरत होता! रोवणीचे दिवस होते. बांधीतून निघालेले केजव्हीलचे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाचे पट्टे ओढून जातात. लाखनीकडून येताना अशाच पट्ट्यावर कुत्रं आडवं आलं. मी सवयीनं पुढचा ब्रेक करकचून दाबला. एरवी अशा वेळी मुठीत जी थरथर जाणवते ती आली नाही, पुढचं चाक साबणावरून गेल्यासारखं सरकलं. पाय टेकला म्हणून वाचलो, गुडघा मात्र सोलवटला. हात बिघडला होता तो इथं. मागं यंत्रणा आहे या भरवशावर तो करकचून दाबायला शिकला होता, आणि यंत्रणा नव्हती.

तिथंच पट्टी ओढून काढली. चावी बंद करून पुन्हा सुरू केली, कारण कधी कधी तेवढ्यानंही भागतं. दिवा तसाच. घरापर्यंत हळू, दोन्ही ब्रेक हलक्या हातानं लावत आलो. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या एका पोरानं काम हाती घेतलं. आधी बॅटरीचा दाब पाहिला, मग फ्यूज. दोन्ही ठीक. मग चाकापाशी बसला. तिथं दातेरी कडी असते आणि तिच्यासमोर नखाएवढ्या फटीवर सेन्सर. समोरून जाणारे दाते मोजून तो चाकाचा वेग सांगतो. पोरानं सेन्सरवरचा वाळका चिखल पुसला. मग चाक हातानं फिरवून म्हणाला, ‘‘हे पाहा, कडी एका जागी वाकली आहे.’’ टायर बदलताना चाक त्याच बाजूनं जमिनीवर टाकलं असणार. पाचशे रुपयांच्या आत काम झालं. त्यानं यंत्र जोडून बिघाडाची नोंद पुसली आणि चक्कर मारून यायला सांगितलं.

दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंतही गेलो नसेन, दिवा विझला.

पट्टीच्या डिंकाचा डाग काचेवर अजून आहे. रॉकेलनं पुसला तर निघेल म्हणतात. सकाळी चावी फिरवली की त्या डागातून दिवा धुरकट पिवळा दिसतो. आमच्या गल्लीचं वळण येईतो मी त्याच्याकडं पाहत राहतो, आणि तो विझला की मगच पुलाकडं वळतो.