नाट्यपदांची गायकी : मराठी रंगभूमीवरील पुरुष गायकांचा तौलनिक विचार

नाट्यपद म्हणजे संगीत नाटकातील पात्राने रंगमंचावर स्वतः गायचे पद. शब्द नाटककाराचे किंवा त्याने नेमलेल्या कवीचे असतात. चाल एखाद्या बंदिशीवरून, ठुमरीवरून, लावणीवरून किंवा कर्नाटकी रचनेवरून घेतलेली असते, नाहीतर संगीतकाराने नव्याने बांधलेली असते. विस्तार मात्र सर्वस्वी गाणाऱ्याचा. त्यामुळे एकच पद दोन गळ्यांत दोन वेगळी रूपे घेते आणि रसिकांमध्ये ‘कोणाचे खरे’ हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. प्रस्तुत नोंद पुरुष गायकांपुरती आहे.

इटालियन ऑपेरातील उंच पट्टीच्या पुरुष गायकांबद्दल युरोपात असाच वाद रंगतो. ‘ओ सोले मियो’ हे १८९८चे नेपल्सचे गाणे एन्रिको कारुसो, बेन्यामिनो जिली, लुचियानो पावरोत्ती अशा प्रत्येक मोठ्या गायकाने गायले. तिथे स्वर लिहून ठेवलेले असतात. तुलना होते ती दमसासाची, आवाजाच्या रंगाची, वरचा स्वर किती वेळ आणि कसा धरला याची. नाट्यपदात याच्या जोडीला आणखी एक कसोटी येते. मुखडा म्हणून झाल्यावर गायक कुठे जातो, किती वेळ फिरतो आणि समेवर कसा परततो, हे त्याने तिथल्या तिथे ठरवायचे असते. म्हणून मराठी गायकांची तुलना करताना गळ्याइतकेच त्यांच्या निवडीकडे पाहावे लागते.

हा विषय महाराष्ट्रापुरता मानण्याची सवय आहे. ती सोडली पाहिजे. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांचा जन्म आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी १९०८ साली स्थापन केली ती हुबळीत. सवाई गंधर्व कुंदगोळचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, भीमसेन जोशी गदगचे. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) आणि आसपासचा भाग १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू तिथे एकाच गल्लीत बोलल्या जातात. याच तालुक्यातील माणिकनगरला माणिकप्रभूंची (१८१७–६५) समाधी आहे. प्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानी अशा भाषांत रागदारीत गाता येणारी पदे रचली आणि त्यांच्या दत्तजयंतीच्या दरबारात गायकांना मानाचे स्थान राहिले. या भागातल्या श्रोत्याला पद आधी देवळात भेटले आणि मग नाटकात. कन्नड मातृभाषेच्या गायकाने मराठी शब्द गावेत यात त्याला नवल वाटत नाही, आणि हीच नजर या विषयाला न्याय देणारी आहे.

‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि पाठोपाठ १८८२मध्ये ‘संगीत सौभद्र’. या काळाचा नायक भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१). धारदार, उंच आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज अशी त्यांची ख्याती होती. भारतात ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२च्या अखेरीस. भाऊराव त्याआधीच गेले. त्यांच्याबद्दल जे काही म्हणायचे ते समकालीनांच्या आठवणींवरूनच, त्यामुळे तौलनिक विचार त्यांच्यापाशी सुरू करता येत नाही.

तो सुरू होतो ‘मानापमान’पासून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पूर्वीच्या साकी-दिंडीच्या जागी त्यांनी बैठकीतल्या बंदिशींचे, ठुमरी-दादऱ्याचे वळण आणले आणि गवयाला रंगमंचावर मोकळे रान मिळाले. नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) होते. नायक धैर्यधर मात्र पुढे अनेकांनी केला, आणि एकाच भूमिकेतील तीच पदे वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकण्याची संधी मराठी श्रोत्याला त्यामुळे मिळाली.

बालगंधर्वांचे गाणे हे या सगळ्याचे मोजमाप ठरले. नंतरचा प्रत्येक जण त्यांना अनुसरला किंवा त्यांच्यापासून जाणूनबुजून दूर गेला. त्यांच्याकडे पाठ फिरवून कोणालाच गाता आले नाही. त्यांच्या गाण्यात तानेचा दिमाख नाही. शब्द न तोडता उच्चारायचा, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येऊन प्रत्येक वेळी वेगळ्या स्वरावर हलकेच भार द्यायचा आणि लय डोळ्यांत भरू न देता समेवर अलगद उतरायचे, ही त्यांची पद्धत. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. भास्करबुवांकडून आलेली रागाची शिस्त आणि बालगंधर्वांची भावाची जाण यांचा मेळ ‘नाथ हा माझा’ या यमनातील पदात पूर्ण दिसतो. राग शुद्ध राहतो, पण ऐकणाऱ्याला रुक्मिणी दिसत राहते. साथीला अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी अशी तालेवार मंडळी त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत होती. अशी साथ असताना आवर घालून गाणे हे त्यांच्या मोठेपणाचे गमक होय. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. वन्समोअर घेत रात्रभर चालणाऱ्या नाटकातले गाणे त्यात मावलेले नाही, हे त्यांची तुलना करताना विसरू नये.

केशवराव भोसले (१८९०–१९२१) याच्या दुसऱ्या टोकाला. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम, उंच पट्टी, पल्लेदार आणि वेगवान ताना. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर उभे राहिले. रोमला ७ जुलै १९९० रोजी पावरोत्ती, प्लासिदो डोमिंगो आणि होसे कारेरास एकत्र गायले त्या मैफलीचा जगभर गाजावाजा झाला. तसा प्रसंग मराठी रंगभूमीने सुमारे ७० वर्षे आधी पाहिला होता, आणि तोही राष्ट्रकार्यासाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे कारुसोही गेला होता.

मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) गोव्यातील मंगेशीचे; त्यांची बळवंत संगीत मंडळी १९१८ची. त्यांचा धैर्यधर पाहिलेली माणसे दुसरा धैर्यधर मान्य करायला तयार नसत. ‘रवि मी’सारख्या पदात ते पंजाबी अंगाच्या हरकतींनी असा काही झटका देतात की चाल ओळखीची असूनही पुढचा स्वर ओळखता येत नाही. बालगंधर्व श्रोत्याला आश्वस्त करतात, दीनानाथ त्याला सावध ठेवतात. ‘रणदुंदुभी’तील ‘परवशता पाश दैवे’ हे वझेबुवांच्या चालीचे पद त्यांच्या आवाजातील तेजामुळे त्या काळच्या राजकीय मनःस्थितीचे गाणे झाले. वीर वामनराव जोशींचे शब्द तेजस्वी होतेच, पण मवाळ गळ्यात ते पेलले नसते. त्यांचे अनुकरण करणारे बहुतेक सगळे फसले, कारण त्यांनी झटका घेतला आणि त्यामागचा ताल सोडला.

छोटा गंधर्व (सौदागर गोरे, १९१८–९७) यांनी धैर्यधर आणि ‘सौभद्र’मधील कृष्ण या दोन्ही भूमिका पुढे नेल्या. नाजूक मुरकी, हसतमुख शब्दफेक आणि पेचातून लीलया सुटणारी लय ही त्यांची वैशिष्ट्ये. ताकदीचे गाणे हवे असणाऱ्यांना ते कमी वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते कृष्णाच्या खट्याळपणाला त्यांच्याइतका चपखल गळा दुसरा मिळाला नाही.

नट नसलेल्या गवयानेही नाट्यपदाला मोठेपण दिले, आणि त्याचा सर्वांत सुंदर दाखला अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचा. किराणा घराण्याचे हे गायक मिरजेला स्थायिक झाले होते. म्हैसूर दरबारात त्यांचे येणेजाणे होते आणि कर्नाटक संगीताचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता. ‘मानापमान’मधील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद त्यांनी ध्वनिमुद्रित केले. टेंब्यांच्या या चालीचा राग आरभी म्हणून सांगितला जातो. खाँसाहेबांच्या तबकडीवर नाव येते ते देवगांधाराचे. कर्नाटक पद्धतीत आरभी आणि देवगांधारी हे एकमेकांना इतके जवळचे राग आहेत की त्यांच्यातला भेद मुख्यतः चलनाचा आणि स्वर रेंगाळवण्याचा. खाँसाहेब नेमके तेच करतात. रंगमंचावर ठसक्यात जाणारे पद ते सावकाश ताणतात, स्वरातून स्वर काढतात आणि पात्र जवळजवळ पुसून टाकतात. मागे उरते ते चांदणे. नाटकाच्या दृष्टीने ही हानी आहे, गाण्याच्या दृष्टीने लाभ. नाट्यपद नाटकाबाहेर जगू शकते हे या तबकडीने सिद्ध केले.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांनी मातृभाषा कन्नड असूनही मराठी नाटक मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षे काम केले, सुभद्रेसारख्या स्त्रीभूमिका गाजवल्या. गुरूचा रेंगाळणारा स्वर आणि रंगभूमीची निकड यांना एकत्र बांधण्याचे काम त्यांनी केले. धारवाड भागातील गायकांच्या पुढच्या पिढीला, बसवराज राजगुरूंसारख्या शिष्यांना, नाट्यपद परके वाटले नाही, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतर बोलपट आणि बदलत्या वेळांमुळे मंडळ्या मोडल्या, पण पदे मैफलीत आली. कुमार गंधर्वांनी (१९२४–९२) १९६५मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. क्षयानंतर त्यांचे एकच फुफ्फुस धड काम करीत होते. बालगंधर्वांची लांब, सलग ओळ त्यांना शक्य नव्हती आणि त्यांनी तिची नक्कलही केली नाही. छोट्या छोट्या आवर्तनांत ओळ मोडून, मध्ये शांतता ठेवून, एकाएकी तारसप्तकात जाऊन त्यांनी त्या गाण्यामागचा विचार उलगडला. जुन्या रसिकांपैकी काहींना हे रुचले नाही. मात्र एका मोठ्या गायकाने दुसऱ्याचे गाणे समजून घेऊन मांडण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न मराठीत दुसरा नाही.

कुमार गंधर्वांनी बालगंधर्व निवडले तसे वसंतराव देशपांड्यांनी (१९२०–८३) दीनानाथ. मूर्तिजापूरचे वसंतराव बरीच वर्षे नोकरी सांभाळून गात होते. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्यांनी खाँसाहेब आफताब हुसेन उभा केला. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या गायकीतला संघर्ष असल्याने गायकीची तुलना हीच रंगमंचावर घडणारी घटना झाली. सरगमेचे अवघड तुकडे, लयीशी लपंडाव, कोठून कोठे उडी घेतील याचा नेम नाही. दीनानाथांचा झटका त्यांनी ख्यालाच्या बुद्धीने वापरला. संगीतकार जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) हेही दीनानाथांप्रमाणेच मंगेशीचे. ‘मत्स्यगंधा’पासून (१९६४) त्यांनी पद आटोपशीर केले, नाटकाचा वेग सांभाळला. रामदास कामत आणि प्रसाद सावकार या गोमंतकीय गायकांनी ही नवी, नेटकी गायकी लोकप्रिय केली. याच काळात राम मराठ्यांनी ‘मंदारमाला’त (१९६३) जुन्या धर्तीचे भरघोस, आक्रमक गाणे टिकवून धरले.

भीमसेन जोशी (१९२२–२०११) या मालिकेत थोडे बाजूला उभे आहेत. ‘धन्य ते गायनी कळा’ (१९६८) या नाटकाला त्यांनी संगीत दिले, नाट्यपदेही गायली. पण त्यांनी लोकांपर्यंत नेले ते प्रामुख्याने अभंग. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींवरची त्यांची ‘संतवाणी’ नाट्यपदाच्या शिस्तीशिवाय घडली नसती. ठसठशीत मुखडा, बेताचा विस्तार, शब्दावर वजन ठेवून घेतलेली तान ही सगळी रंगभूमीची शिकवण गुरू सवाई गंधर्वांकडून आलेली होती. कन्नड दासपदे ते त्याच घाटात गात. हळ्ळीखेड, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात विठ्ठलाचा अभंग आणि पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ या दोहोंना सारखाच कान मिळतो, आणि दोन्ही गाणारा आवाज बहुतेक वेळा एकच असतो.

या गायकांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्याचा मोह होतो. पात्र जिवंत ठेवण्यात बालगंधर्व, अनपेक्षिताचा आनंद देण्यात दीनानाथ आणि पद नाटकाबाहेर नेण्यात अब्दुल करीम खाँ ही तीन नावे पहिली घ्यावी लागतील. बाकीच्यांनी यांपैकी एकाची किंवा दोघांची वाट पुढे नेली. ज्यांना हा भेद स्वतःच्या कानांनी तपासायचा असेल त्यांनी ‘चंद्रिका ही जणू’ खाँसाहेबांच्या आवाजात आधी ऐकावे आणि मग नाटकवाल्यांच्या. दीनानाथांच्या पदांपाठोपाठ वसंतरावांची ऐकावीत. बालगंधर्व मात्र कुमार गंधर्वांच्या आधी ऐकावेत, नंतर नव्हेत.