ओझोनचे माप आणि त्याची सचोटी

आखाडा बाळापूरच्या बाजार समितीत हळद किंवा सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला माप म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. पारडे रिकामे असताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही हे तो आधी पाहतो आणि मगच पोते चढवू देतो. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना तर आणखी एक हिशेब सांभाळावा लागे. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, इंग्रजी मुलखात कलदार चाले. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. कोणी 'शंभर रुपये' म्हणाला की समोरचा आधी विचारी, 'हाली की कलदार?' आकडा तोच, पण किंमत वेगळी! १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि १९५९ पर्यंत हाली चलनातून गेला. प्रश्न मात्र गेला नाही. हवेतील ओझोन नावाच्या वायूचे मोजमाप माणसाने कसे केले, हे आज पाहावयाचे आहे. त्या इतिहासात हाच 'हाली की कलदार' पावलोपावली भेटतो.

ओझोन म्हणजे प्राणवायूचाच एक भाऊबंद. प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. आकाशात वीस-तीस किलोमीटर उंचीवर त्याचा थर आहे. सूर्याचे घातक किरण तो अडवतो, म्हणून तेथे तो आपला राखणदार. पण तोच वायू जमिनीलगत, आपल्या नाकातोंडाच्या उंचीवर वाढला, तर दम लागतो, छाती भरते, पिकांची पाने ठिपक्याठिपक्यांनी करपतात आणि दाणा कमी भरतो. जमिनीलगतचा हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. मोटारी, वीजकेंद्रे, जाळलेले पाचट यांच्या धुरातले वायू भर उन्हात एकमेकांशी संयोग पावतात आणि हवेतच तो तयार होतो. धूर दिसतो, ओझोन डोळ्याला दिसत नाही. म्हणून तो मोजावाच लागतो.

बरं, मोजायचा कसा? स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शेनबाइन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३९ च्या सुमारास विजेचे प्रयोग करताना त्यांना एक विशिष्ट वास आला. वीज कडाडल्यावर कधी कधी येतो तोच हा वास. वास घेणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या वायूला ओझोन हे नाव दिले. पुढे त्यांनी तो ओळखण्याची एक सोपी युक्ती काढली. स्टार्चची खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद हवेत टांगायचा. ओझोन लागला की कागद निळसर-जांभळा होतो. मग रंगपट्टीशी ताडून शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा. झाले मोजमाप!

युक्ती स्वस्त होती, म्हणून ती जगभर पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकडो ठिकाणी असे कागद टांगले जात होते. ओझोन हवा शुद्ध करतो, तो कमी झाला की पटकी येते, अशी समजूत तेव्हा होती आणि डॉक्टर मंडळी हौसेने वह्या भरत होती. पण त्या वह्यांतील आकड्यांचे पुढे काय झाले? बहुतेक आकडे कामाचे ठरले नाहीत. दमट हवेत कागदाचा रंग निराळा येई, कोरड्या हवेत निराळा. वारा जोराचा असला की कागदाला जास्त हवा लागे आणि रंग गडद होई. ऊन लागले तर रंग बदले. एकाचा कागद ताजा, दुसऱ्याचा जुना. म्हणजे माणसे लिहीत होती ओझोन, आणि कागद सांगत होता दमटपणा, वारा नि ऊन यांची खिचडी. कष्टात कसूर नव्हती. उणीव होती ती मापाची परीक्षा घेण्याची.

याच काळात पॅरिसजवळच्या माँसुरी वेधशाळेत मात्र वेगळ्या रीतीने काम चालले होते. तेथे १८७६ पासून १९१० पर्यंत, म्हणजे सुमारे चौतीस वर्षे, रोज ओझोन मोजला गेला. कागद टांगण्याऐवजी मोजून घेतलेली हवा द्रावणातून बुडबुड्यांनी सोडायची आणि द्रावणात किती फरक पडला ते रासायनिक तोलाने काढायचे, अशी ती पद्धत होती. किती हवा गेली हे ठाऊक असल्यामुळे आकड्याला अर्थ होता. मुख्य म्हणजे, पद्धत कोणती, द्रावण कोणते, हे सारे त्यांनी लिहून ठेवले होते. १९८८ साली फोल्ट्स आणि क्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ती जुनी टिपणे उघडली. त्यांनी तसेच उपकरण पुन्हा उभे केले, त्याची परीक्षा घेतली आणि शहराच्या धुरातील गंधकाच्या वायूमुळे कोणत्या वाऱ्याच्या दिवशी आकडा बिघडला असावा, हेही पाहिले. निष्कर्ष असा निघाला की, त्या काळी तेथील हवेत एक अब्ज भागांत सुमारे दहा भागच ओझोन होता. विसाव्या शतकात युरोपच्या ग्रामीण भागातील प्रमाण त्याच्या दुपटीहूनही वर गेले, हे या तुलनेने जगाला कळले. वहीत नुसता आकडा असता तर हे कदापि कळले नसते.

आता आपल्या देशाकडे वळू या. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, पण उपकरणांचे काम पुण्यात राहिले. १९४८ साली अण्णा मणी या विदुषी तेथे रुजू झाल्या. जन्म केरळातला, शिक्षण मद्रासेत, संशोधन बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत. तोवर आपल्याकडे साधी हवामान-उपकरणेही विलायतेहून येत. ती येथेच घडवावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे प्रमाणित करवून घेतले. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, असा त्यांचा कटाक्ष असे. १९६० च्या सुमारास त्यांनी ओझोनकडे लक्ष वळवले. त्यांच्या देखरेखीखाली सी. आर. श्रीधरन आदी मंडळींनी पुण्यात भारतीय ओझोनसोंड तयार केला. फुग्याला बांधून आकाशात सोडायचे आणि वर जाता जाता प्रत्येक उंचीवरचा ओझोन नोंदवायचा, असे हे उपकरण. त्याचे हृदय म्हणजे तेच पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण. शेनबाइनच्या कागदावर जो रंग उमटे, त्याऐवजी येथे विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळतो आणि तो मोजता येतो.

अहमदाबादची हकीकत तर माँसुरीची बहीणच शोभावी. तेथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, के. आर. रामनाथन संचालक असताना, १९५४-५५ साली जमिनीलगतचा ओझोन रासायनिक पद्धतीने मोजला गेला होता. रामनाथन हेही पूर्वी पुण्याच्या हवामान खात्यातलेच. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९९१ ते १९९३ या काळात, त्याच शहरात नव्या उपकरणांनी पुन्हा मोजणी झाली. जुन्या नोंदीशी ताडता सरासरी अब्जात सुमारे पंधरा भागांवरून सुमारे पंचवीस भागांवर गेल्याचे आढळले. आपल्या देशात हा वायू वाढतो आहे याचा एवढा जुना पुरावा मिळाला, तो कोणा काळजीवाहू माणसाने चाळीस वर्षांपूर्वी वही नीट ठेवली म्हणून.

मात्र पद्धत लिहून ठेवली तरी दोघांचे माप जुळतेच असे नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर १९४० नंतरच्या दशकात धुरकटाने गांजले होते. तेथे तर रबराच्या पट्टीला किती भेगा पडतात यावरूनही ओझोनचा अंदाज घेत, कारण ओझोनने ताणलेले रबर तडकते. १९७० नंतर तेथे असे दिसून आले की, स्थानिक कार्यालय आणि राज्याचे कार्यालय एकाच हवेचे निरनिराळे आकडे देत आहेत. फरक थोडाथोडका नव्हे, चौथाईच्या आसपास! दोघेही आयोडाइडच्या द्रावणानेच उपकरणे जुळवीत, पण द्रावण बनवण्याची रीत वेगळी. हाली-कलदारच म्हणा ना. कारखान्यांवर निर्बंध कोणत्या आकड्यावरून घालावयाचे? लोकांना घरात थांबा असे कोणत्या आकड्यावरून सांगावयाचे? शेवटी द्रावणाचा पायाच सोडून देण्यात आला आणि १९७९ साली अमेरिकेने प्रकाशाचा पाया अधिकृतपणे स्वीकारला.

हा प्रकाशाचा पाया असा. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारे एक ठरावीक अतिनील किरण ओझोन शोषून घेतो. नळीतून आधी ओझोन काढून टाकलेली हवा सोडायची आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते पाहायचे. मग बाहेरची हवा सोडायची. प्रकाश जितका घटला त्यावरून ओझोन किती ते गणिताने काढायचे. आजची बहुतेक केंद्रे याच रीतीने मोजतात. परंतु यंत्र विजेचे झाले म्हणून ते आपोआप खरे बोलत नाही. हवा आत घेणाऱ्या नळीत धूळ बसली की ओझोन त्या धुळीवरच नष्ट होतो आणि आकडा कमी येतो. गाळणी वेळेवर बदलली नाही तरी तेच. म्हणून ओझोनरहित हवा देऊन शून्य तपासायचे, मग ठाऊक प्रमाणाचा ओझोन देऊन यंत्र तेवढाच दाखवते का ते पाहायचे, आणि ठरल्या मुदतीने वरच्या दर्जाच्या मापाशी ते जुळवायचे. ही साखळी थेट आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोहोचावी लागते. त्या प्रमाणाचीही फेरतपासणी होते बरं का! ओझोन किती प्रकाश शोषतो याचा १९६१ पासून चालत आलेला आकडा २०१९ साली सुधारण्यात आला. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे काल ज्या हवेला आपण १०० म्हणत होतो, तिला नव्या हिशेबाने १०१ हून थोडे अधिक म्हणावे लागेल. हवा बदलली नाही, रुपया बदलला. ही नोंद वहीत राहिली नाही, तर पन्नास वर्षांनी कोणीतरी म्हणेल की त्या साली ओझोन अचानक वाढला.

आता तुम्ही म्हणाल, या साऱ्याचा कळमनुरी तालुक्याशी संबंध काय? संबंध पोटापाण्याचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ सालचा हिशेब मांडला. ओझोनमुळे देशात त्या वर्षी गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि तांदळाचे सुमारे २१ लाख टन नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज होता. सोयाबीन आणि कापूसही या वायूला बळी पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात ढग असल्याने ओझोन कमी बनतो, खरिपाला तेवढा आधार. पण आकाश निरभ्र झाले, ऊन तापू लागले की रब्बीचा गहू त्याच्या तावडीत सापडतो.

आणखी एक मेख आहे. शहरातील भर रस्त्यावर मोटारींच्या ताज्या धुरातला एक वायू ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून तेथे तो पुष्कळदा कमी दिसतो आणि वाऱ्याबरोबर पुढे गेल्यावर, शेतशिवारावर, वाढतो. देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाची १८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. मर्यादा खेड्यालाही लागू आहे, पण मोजणारी केंद्रे बहुतेक शहरांत आहेत. जेथे पीक उभे आहे तेथे काटाच नाही! मग शेतकऱ्याने उतारा घटल्याचे कारण बियाण्यात शोधावे, खतात शोधावे की हवेत?

ग्रामीण भागात ओझोनची केंद्रे हवीत ही मागणी म्हणूनच रास्त आहे. मात्र मागताना यंत्राबरोबर त्याची तपासणी करणारा माणूस, सुटे भाग आणि वर्षावर्षाच्या जुळवणीचा खर्चही मागावा. उद्घाटनानंतर धूळ खात पडलेले केंद्र चुकीचा कमी आकडा दाखवील आणि तो आकडा आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहील.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात शेनबाइनचा कागद जरूर करून पाहा. साबुदाण्याची खळ, थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि गाळण-कागद एवढे पुरते. एक कागद सावलीत टांगा, दुसरा वाऱ्यावर, तिसरा पाण्याच्या माठाजवळ. तिघांचे रंग वेगळे आले की मुलांना विचारा, यातला खरा कोणता? त्या रंगांना ओझोनचे माप म्हणू नका. माप कसे फसवते हे शिकण्यासाठीच हा प्रयोग आहे. त्याच वहीत तारीख, वेळ, पाऊस, ढग, वाऱ्याची दिशा, शिवारात कोठे पाचट पेटले होते का, आणि कागद कसा केला, हे सारे लिहायला लावा.

आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी लहान हालचाल मोजण्याचे ते काम आहे. त्या जिल्ह्यातील शाळेच्या वहीत पावसाचा आणि वाऱ्याचा आकडा पद्धतीसकट, खाडाखोड न लपवता लिहिला जावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. उद्या तालुक्यात ओझोनचे यंत्र आलेच, तर त्याचा आकडा पारखायला हीच वही कामास येईल.