झाळलेला सांधा: रायफलच्या बोल्टच्या दांड्याची गोष्ट

या मालिकेत आपण मोठ्या लढायांपेक्षा त्यामागच्या लहान वस्तूंकडे जास्त बघतो. आजची वस्तू अगदीच लहान आहे: रायफलच्या बोल्टचा दांडा. त्याहूनही नेमकं सांगायचं, तर तो दांडा बोल्टला जिथे चिकटवलेला असतो, ती नखाएवढी जागा.

आपल्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांनी .३०३ हाताळली असेल. त्या ली-एनफील्डच्या बोल्टचा दांडा बोल्टच्या अंगाचाच भाग असतो. जर्मन माउझर ९८ चंही तसंच, एकाच पोलादातून घडवलेलं. मजबूत काम, पण खर्चिक. एवढा वेडावाकडा आकार घडवायचा आणि मग तासायचा, म्हणजे यंत्रावर वेळ जातो, कुशल माणसं लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा खर्च अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीला जड व्हायला लागला. कंपनीचा कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात होता आणि मालकी १९३३ पासून ड्यू पाँटकडे होती. तिथे माइक वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा आराखडाच नव्याने मांडला. १९४८ मध्ये मॉडेल ७२१ आणि ७२२ बाजारात आली. बोल्ट आता तीन तुकड्यांचा झाला: पुढचं डोकं, मधली नळी आणि दांडा. हे तुकडे वेगवेगळे बनवायचे आणि ब्रेझिंगनं जोडायचे. याच घराण्यातली मॉडेल ७०० १९६२ मध्ये आली.

आता ब्रेझिंग म्हणजे काय? आपल्याकडे याला झाळणं म्हणतात. सोनार टाकणखार लावून दागिन्याला डाग देतो, तत्त्व तेच. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो. इथे पोलाद वितळत नाही, फक्त मधला मिश्रधातू वितळतो. पोलाद वितळायला १४०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, चांदीच्या झाळाला साधारण ६०० ते ८०० अंश पुरतात. वितळलेला झाळ केशाकर्षणानं, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा, फटीत आपोआप ओढला जातो.

गंमत अशी, की फट जितकी बारीक तितका सांधा पक्का. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी फट हवी. पातळ थराला दोन्ही बाजूंचं पोलाद धरून ठेवतं, त्यामुळे असा सांधा नुसत्या झाळाच्या तुकड्यापेक्षा बळकट ठरतो. पण अट एकच: झाळ सगळीकडे पोचला पाहिजे. तेलाचा डाग राहिला, गंज राहिला, उष्णता कमी पडली, की आत पोकळी राहते. आणि बाहेरून कडेला चकाकणारी रेघ मात्र सुरेख दिसते!

हे महत्त्वाचं का? दांड्याचं टोक बोल्टच्या मध्यापासून लांब आणि सांधा जवळ. म्हणजे तरफ झाली. अंतर सहापट असेल, तर हाताचा जोर सांध्यावर सहापट होऊन येतो. काडतुसाचं नळकांडं अडकलं आणि कुणी दांड्यावर लाकडी हातोडा मारला, तर बघायलाच नको. शिवाय ते नळकांडं पहिल्यांदा सैल करण्याचं काम दांड्याच्या बुडाशी असलेला उतारच करतो. दांडा किंचित चुकीच्या जागी झाळला गेला, तर सांधा कितीही पक्का असो, ती पकड सुटते.

म्हणूनच दांडा निखळल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा शिकाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणे, ‘चिकटवलेला दांडा म्हणजे कंजूषपणा.’ दुसरा म्हणे, ‘लाखो रायफली चालताहेत, त्याचं काय?’

आम्हाला वाटतं, उत्तर तुटलेल्या सांध्यातच लिहिलेलं असतं. निखळलेल्या दांड्याचं बूड बघावं. पृष्ठभागभर झाळ पसरून मग फाटला असेल, तर जोर अति झाला होता. अर्ध्या भागात कोरं, काळपट पोलाद दिसलं, तर तो अर्धा भाग कधी जोडलाच गेला नव्हता. दोष मग पद्धतीचा नाही, त्या दिवशीच्या कामाचा. बरेच बंदूक-कारागीर आजही असा दांडा काढून योग्य जागी बसवतात आणि टिग वेल्डिंग करतात. तेव्हा बोल्टच्या पुढच्या खिट्यांना उष्णता लागू न देण्याची काळजी घ्यावीच लागते, नाहीतर त्यांचं कठीणपण उतरतं. स्फोटाचा दाब त्या खिट्याच पेलतात.

याच झाळलेल्या बोल्टवर अमेरिकन मरीन कोअरनं १९६६ मध्ये एम४० आणि सैन्यानं १९८८ मध्ये एम२४ ही नेमबाजांची रायफल स्वीकारली. म्हणजे पद्धत नालायक नव्हती. पण घडवलेल्या दांड्याची खात्री डोळ्यांना पटायची, झाळलेल्याची खात्री कारखान्यातल्या कुणाच्या तरी शिस्तीवर सोपवावी लागली. स्वस्ताईची खरी किंमत आम्हाला इथे दिसते: पोलाद वाचलं, पण तपासणीची जबाबदारी वाढली. ती जिथे पाळली गेली तिथे दांडा टिकला. जिथे नाही, तिथे तो नेमक्या गरजेच्या वेळी हातात आला.

प्रश्न असतील तर विचारा.