जत्रेचा जमाखर्च

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात, आणि मत्स्योदरी देवीचं अंबड शेजारच्या तालुक्यात. या पट्ट्यात बाहेरून येणारा माणूस स्वतःला पर्यटक म्हणवत नाही. तो दर्शनाला येतो, नवस फेडायला येतो, जत्रेला येतो. त्यामुळे इथल्या पर्यटनाचा इतिहास शोधायचा तर करांच्या आणि अनुदानांच्या याद्या चाळाव्या लागतात.

सुरुवात पंढरपूरपासून करू. एकोणिसाव्या शतकात वारीबरोबर पटकीची साथ यायची, आणि झाडलोट, पाणी, दवाखाना हे सगळं नगरपालिकेच्या गळ्यात पडायचं. तिने यात्रेकरूंवर कर बसवला. ज्याच्या येण्याने खर्च वाढतो त्यानेच त्यातला वाटा उचलावा, आणि तो पैसा त्याच गावात खर्च व्हावा, असा साधा हिशेब होता.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथली रीत वेगळी होती. देवस्थानं इनाम जमिनींवर चालत, त्यांच्यावर उमूर-ए-मजहबी या सरकारी खात्याची देखरेख असे. बाहेरच्या पाहुण्यांसाठी दरबाराने खर्च केला तो प्रामुख्याने अजिंठा-वेरूळवर. १९१४ मध्ये गुलाम याझदानींच्या हाताखाली पुरातत्त्व खातं सुरू झालं, आणि १९२०च्या सुमारास अजिंठ्याची चित्रं जपण्यासाठी थेट इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. मोठ्या ठिकाणाला तिजोरीतून पैसा मिळे, छोट्या जत्रेने आपलं आपण भागवावं. ही वाटणी निजाम गेल्यावरही फारशी बदलली नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५८चा ग्रामपंचायत कायदा आला. त्याच्या कलम १२४ मध्ये पंचायतीने बसवायच्या करांची यादी आहे. सायकली आणि बैलगाड्यांवरच्या कराशेजारी तिथे यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचा कर आहे, आठवडी बाजाराची फीसुद्धा आहे. म्हणजे पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांचीच सोय करण्याचा अधिकार गावाला कागदावर मिळाला. वापरायला मात्र तो अवघड. गावात शिरायच्या वाटा चार, आणि येणाऱ्यांत निम्मे कुणाचे तरी जावई नाहीतर व्याही. त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन कोण जाणार? त्यापेक्षा पाळणेवाल्याकडून, बांगड्या-रेवड्यांच्या दुकानांकडून जागाभाडं घेणं सोपं.

‘पर्यटन’ हा शब्द सरकारी कागदांत ठळक झाला तो १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निघाल्यावर. मराठवाड्यात मोठा पैसा पुन्हा अजिंठा-वेरूळकडेच गेला, या वेळी जपानच्या कर्जातून: पहिला टप्पा १९९२, दुसरा २००३. छोट्या गावांसाठी तीर्थक्षेत्रांचे वर्ग आले. ‘क’ वर्गाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते आणि या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. निकष मुख्यतः वर्षाला येणाऱ्या भाविकांची संख्या. दर्जा मिळाला की सभामंडप, भक्तनिवास, रस्ता, स्वच्छतागृह यांसाठी निधी येऊ शकतो.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे माझी नजर आधी त्या संख्येवर जाते. दर्शनाला तिकीट नाही, त्यामुळे ही संख्या अंदाजाचीच असणार. शिवाय या निधीतून बांधकाम होतं, रोजची व्यवस्था होत नाही. स्वच्छतागृह बांधून झाल्यावर त्याची टाकी उपसायची, नळ दुरुस्त करायचा, झाडणाऱ्याला पगार द्यायचा, हा दरमहा खर्च गावातल्याच कुणाला तरी करावा लागतो.

तीर्थपुरीत या गोष्टीला आणखी एक वळण मिळालं. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि २०२१-२२च्या हिवाळ्यात तिची पहिली निवडणूक झाली. पंचायतींसाठीच्या घटनेच्या अकराव्या अनुसूचीत ‘बाजार व जत्रा’ हा स्वतंत्र विषय आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तो नाही. सांस्कृतिक बाबींना उत्तेजन आहे, वाहनतळ आहेत, बसथांबे आहेत. जत्रा मात्र गळाली. ‘पर्यटन’ तर दोन्हींकडे नाही. १९६५च्या नगरपरिषद कायद्यात यात्रेकरूंवरचा कर आजही ऐच्छिक करांमध्ये आहे, पण खातं बदललं: गाव ग्रामविकासाकडून नगरविकासाकडे गेलं.

आज अशा गावात चार वह्या असतात. देवस्थानाची वही धर्मादाय आयुक्तांकडे, नगरपंचायतीची नगरविकासाकडे, बांधकामाच्या निधीची जिल्हा नियोजनाकडे, आणि जाहिरातीची मुंबईत महामंडळाकडे. येणाऱ्या माणसावर एकूण किती खर्च झाला आणि त्याच्यामुळे गावाला किती मिळालं, हे यातल्या एकाही वहीत एकत्र सापडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या आणि राज्यभर गाजावाजा झाला. पुढे पोलिसांनी छडा लावला. पण रात्रीच्या राखणदाराचा पगार कोणत्या वहीतून द्यायचा, हा प्रश्न अशा प्रत्येक गावात उरतोच.

त्याला मोठी योजना लागत नाही. नगरपंचायतीने अंदाजपत्रकात जत्रेचं एक वेगळं पान काढावं. एका बाजूला जागाभाडं, बाजार फी, वाहनतळाचे पैसे. दुसऱ्या बाजूला टँकर, झाडलोट, दिवाबत्ती, राखण. ते पान जत्रेनंतरच्या पहिल्या आठवडी बाजारात फळ्यावर लावावं. पुढच्या वर्षी ‘क’ वर्गासाठी अर्ज करताना गावाच्या हातात निदान एक खरा आकडा असेल.