साप-सरड्यांचं प्रदर्शन भरवायचंय? परवानग्या, कायदा आणि काळजी

जर्मनीतल्या हाम शहरात ‘टेरारिस्टिका’ नावाचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा मेळा वर्षातून काही वेळा भरतो. हौशी पाळक, पैदास करणारे आणि पिंजरे-दिवे विकणारे तिथे एकाच छताखाली येतात. त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या तरुणांनाही वाटतं की असा मेळा बेळगाव, पणजी, इंदूर किंवा वडोदऱ्यातही भरवावा. हौस चांगली आहे, पण भारतातला कायदा वेगळा आहे. हॉल बुक करण्याआधी तो समजून घेतला नाही तर आयोजकाच्याच गळ्यात प्रकरण येऊ शकतं.

देशी प्राणी : विक्रीचा प्रश्नच नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 केंद्राचा आहे, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली म्हणून मूळ नियम बदलत नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, घोरपड, स्टार कासव हे सगळे संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. नुसतं पकडणं, सापळा लावणं हेही त्यातच येतं.

मांडूळ ‘दोन तोंडांचं’ असतं आणि त्याने धनलाभ होतो, या अंधश्रद्धेवर चालणारी तस्करी आपल्या भागाला नवी नाही. मांडुळाची शेपटी बोथट असते म्हणून ते दुतोंडी वाटतं, एवढंच. स्टार कासव ‘घरात ठेवलं की भरभराट’ म्हणून विकलं जातं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2019 पासून कडक बंदी आहे.

अनुसूची 1 मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. कलम 52 नुसार गुन्ह्याला मदत करणाराही त्यात सापडतो. म्हणून ‘स्टॉल विक्रेत्याचा, आमचं काय?’ हे उत्तर चालत नाही.

परदेशी प्राणी : कागद असेल तरच

बॉल पायथन, हिरवा इग्वाना, आफ्रिकेतलं सल्काटा कासव हे परदेशी प्राणी हौशी लोकांकडे दिसतात. हे तिन्ही ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्यात अनुसूची 4 म्हणून आली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियमही आले. असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. नोंद करणं म्हणजे तस्करीचा प्राणी कायदेशीर करून घेणं नव्हे. तो कुठून आला, याचा पुरावा लागतोच.

दुकानदारांसाठी 2018 चे पेट शॉप नियमही आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी नसेल तर प्राणी विकता येत नाही.

‘विकत नाही, फक्त दाखवतो’ म्हटलं तर?

इथेच बरेच जण फसतात. लोकांना दाखवण्यासाठी बंदिस्त वन्यप्राणी ठेवले की ती जागा कायद्याने ‘प्राणिसंग्रहालय’ ठरू शकते, मग ती फिरती का असेना. त्यासाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. गणेश मंडळाच्या मांडवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात सर्पमित्राने बरणीतून नाग आणून दाखवणं म्हणूनच अडचणीचं आहे.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा हे याचं जवळचं उदाहरण. नागपंचमीला तिथे जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक होत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली. 2025 मध्ये केंद्राने मर्यादित परवानगी दिली, तीही लोकशिक्षण आणि पारंपरिक ज्ञान जपण्याच्या उद्देशाने. गावाची एवढी जुनी परंपरा असूनही लेखी परवानगीशिवाय काही झालं नाही, हे लक्षात घ्या.

सीमाभागातली खास अडचण

कायदा एक असला तरी परवानगी देणारे मुख्य वन्यजीव रक्षक प्रत्येक राज्याचे वेगळे. चंदगडच्या सर्पमित्राला महाराष्ट्र वन विभागाचं ओळखपत्र असलं तरी ते बेळगावात किंवा सत्तरीत चालेल असं धरून चालू नका. संरक्षित प्राणी राज्याबाहेर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते.

आयोजकाने करायची कामं

1. जागा ठरवण्याआधी वन विभाग, पशुसंवर्धन विभाग, पोलीस आणि पालिका यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.
2. प्रत्येक विक्रेत्याकडून प्राण्यांची यादी, नोंदणीची प्रत आणि खरेदीची पावती आधीच मागवा. कागद नाही, तर स्टॉल नाही.
3. विषारी साप आणूच देऊ नका. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांसाठी असते. परदेशी विषारी सापावर ती भरवशाची नाही.
4. पशुवैद्य दिवसभर हजर ठेवा. पिंजरे कुलूपबंद, सावलीत आणि स्पीकरपासून दूर असावेत. साप हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकत नाहीत, पण हादरे त्यांना चांगले जाणवतात.
5. हात धुण्याची सोय दारातच करा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. 5 वर्षांखालच्या मुलांना प्राणी हाताळू देऊ नका.
6. विकत घेणाऱ्याला प्राणी किती वाढतो, किती जगतो हे लिहून द्या. तळहातावर मावणारं सल्काटा कासव पुढे 40-50 किलोचं होतं आणि अनेक दशकं जगतं. कंटाळा आला म्हणून लाल-कानाचं अमेरिकी कासव तळ्यात सोडलं, तर ते देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतं.

प्राण्यांशिवायही मेळा भरतो

परवानग्यांचा व्याप झेपत नसेल तर छायाचित्रं, कात, हुबेहूब प्रतिकृती आणि सर्पदंशावरचं व्याख्यान यांवरही चांगलं प्रदर्शन होतं. मात्र कात आणि इतर अवशेषांबद्दलही वन विभागाला आधी विचारा. जिवंत प्राणी बघायचेच असतील तर पुण्याचं कात्रज, बेळगावजवळचं भुतरामहट्टी, गोव्यातलं बोंडला, हैदराबादचं नेहरू प्राणी उद्यान, इंदूरचं कमला नेहरू संग्रहालय आणि वडोदऱ्याचा सयाजीबाग आहेच. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. ‘साप चावला तर मांत्रिकाकडे नको, थेट दवाखान्यात’ एवढं एक वाक्य प्रदर्शनातून घरोघरी गेलं, तरी खर्च वसूल झाला म्हणायचा.