पिंपरीचे नाव धारण करणारा जिवाणू

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने उभे राहतात. परंतु त्यांच्याही आधी, १९५४ साली, येथे एक निराळाच कारखाना स्थापन झाला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही ती सरकारी कंपनी. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा पिंपरी-चिंचवडला अद्याप नगरपालिकाही नव्हती. ती १९७० साली आली.

या कारखान्याला जोडून एक संशोधन विभाग होता. तेथे डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास बुरशीजन्य रोगांवरील एक नवे प्रतिजैविक शोधून काढले. त्याचे नाव ‘हमायसिन’. कंपनीच्या नावातील आद्याक्षरांची ती खूण होती. लहान बाळांच्या तोंडात बुरशीमुळे पांढरे चट्टे उठतात, त्यांवर लावण्यासाठी हे औषध वापरात आले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याला शास्त्रीय नाव देण्यात आले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या गावाचे नाव अशा रीतीने विज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले.

या कुळातील जिवाणू मातीत राहतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, तोही बव्हंशी त्यांचीच देणगी. मात्र त्यांना पोहता येत नाही. बुरशीप्रमाणे तंतू पसरून ते जागच्या जागी वाढतात आणि वेळ आली की बीजाणू तयार करतात. त्या बीजाणूंनाही स्वतःची गती नसते. मग मातीच्या कणांमधील पाण्याच्या पातळ थरातून ते दूर कसे जातात? या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडेच मिळाले. ते समजण्यासाठी सूक्ष्म जीवांच्या पोहण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडले. मिरी भिजवलेल्या पाण्यात आपल्याला चिमुकले प्राणी हालताना दिसले, असे त्यात लिहिले होते. हालतात म्हणजे ते सजीव, हा त्याचा तर्क. पुढे १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना पाहिले. परंतु दगडाची पूडही तशीच थरथरते, हेही त्याने दाखवून दिले. १९०५ साली आइन्स्टाइनने त्याचा उलगडा केला. पाण्याचे रेणू चोहोबाजूंनी धक्के देतात, म्हणून निर्जीव कणही हालतो. तेव्हा केवळ हालचाल ही जिवंतपणाची खूण ठरेना. स्वतःजवळची ऊर्जा खर्चून स्वतः वाट काढणारा कण आणि धक्के खाणारा कण यांत भेद करणे आवश्यक झाले. आज पहिल्या प्रकारच्या कणांना ‘सक्रिय कण’ म्हणतात.

अशा कणाला वाट काढणे किती अवघड असते, हे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ च्या एका व्याख्यानात फार सुंदर रीतीने मांडले. विहिरीच्या काठाला पाय रेटून आपण झेप घेतली, तर हातपाय न हलवताही काही हात पुढे सरकतो. हे जडत्वाचे काम. जिवाणूची लांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. त्याच्या दृष्टीने पाणी आपल्या काकवीहूनही दाट असते. त्याने पोहणे थांबवले, की तो एका अणूच्या रुंदीएवढेही अंतर न सरकता तत्क्षणी थबकतो. शिंपल्याप्रमाणे नुसती उघडझाप करूनही तेथे भागत नाही. उघडताना जेवढे पुढे जावे, तेवढेच मिटताना मागे यावे लागते. वेग कमीजास्त केल्यानेही त्यात फरक पडत नाही.

मग जिवाणू पोहतात कसे? आपल्या कामगार बांधवांना हे उत्तर लवकर पटेल. स्क्रूचे आटे फिरवले की तो लाकडात शिरतो, उलटे-सुलटे ठोके देऊन नव्हे. पोहणाऱ्या अनेक जिवाणूंच्या अंगाला मळसूत्राच्या आकाराचे तंतू असतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक सूक्ष्म मोटार असते. हे तंतू नुसते वळवळत नसून खरोखर गरगर फिरतात, हे १९७३-७४ मध्ये सिद्ध झाले.

कारखान्याच्या टाक्यांशी या गोष्टीचा एक रंजक संबंध आहे. पेनिसिलिनची बुरशी वाढू लागली, की तिच्या तंतूंच्या गुंत्याने टाकीतील द्रव दाट होतो. मग त्यात हवा खेळवणे आणि तो घुसळणे कष्टाचे होते. पोहणारे जीव याच्या उलट वागू शकतात. यशोधन हातवळणे, श्रीराम रामस्वामी, मदन राव आणि अदिती सिंहा या भारतीय शास्त्रज्ञांनी २००४ साली गणिताने असे भाकीत केले, की मागून रेटा देत पोहणारे जिवाणू द्रवाचा दाटपणा कमी करतील. २००९ मध्ये ‘बॅसिलस सबटिलिस’ या मातीतील जिवाणूवर अमेरिकेत प्रयोग झाला, तेव्हा दाटपणा सात पटींपर्यंत उतरलेला आढळला.

आणि हाच बॅसिलस आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर घेऊन आला. २०२१ साली लेव्हेनहूकच्याच देशातील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू या बॅसिलसच्या फिरत्या तंतूंना चिकटतात आणि त्याच्याबरोबर दूरवर वाहून नेले जातात. हा प्रयोग पिंप्रिनावर नव्हे, तर तिच्या एका भावंड-जातीवर झाला. तरीही ज्याला पोहता येत नाही तोही सोबतीच्या बळावर प्रवास करू शकतो, हे त्यातून निश्चित झाले.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे वैभवाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कंपनी आर्थिक संकटात सापडली. तिच्या आवाराजवळून जाताना आजच्या तरुणांना तेथे काय घडले होते, याची कल्पनाही नसते. दोष त्यांचा नाही. आम्ही थोरांनीच ते सांगितले नाही. आमच्यापैकी पुष्कळांची घराणीही गाव सोडून या पट्ट्यात आली, ती कोणा मामाच्या, शेजाऱ्याच्या किंवा आधी आलेल्या गाववाल्याच्या आधाराने. ज्याने आणले, त्याचे नाव घरात घेतले जाते. पिंपरीच्या त्या प्रयोगशाळेचे नावही आता घराघरांत घेतले जावे. मुलांनी हमायसिनबद्दल विचारले, तर आम्हांला उत्तर देता आले पाहिजे.