‘पुट ऑफ’चा अर्थ सुट्या शब्दांतून का कळत नसे?

१/ बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी जुलैत चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. ठाणे-कल्याणच्या तरुणांस इंग्रजी शिकून मुंबईत नोकरी धरण्याची वाट अशी मोकळी झाली. #थ्रेड

२/ त्या वाटेवर एक चिवट अडसर होता. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. दोन्ही पाठ केले तरी ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, हे कळणार कसे? ‘पुट अप विथ’चा ‘सहन करणे’ हा अर्थ तर तिन्ही शब्दांत कोठेच नाही. पुस्तकांतून शिकणाऱ्यास ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’ असे भारदस्त शब्द सहज येत. साहेबाच्या रोजच्या बोलण्यात मात्र हे जोडशब्दच अधिक.

३/ अशा पुस्तकी भाषेची ‘बाबू इंग्रजी’ म्हणून थट्टा होई. ती अन्यायाची होती. परकीयांस सर्वाधिक त्रास याच रचनेचा होतो, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते. तरीही ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ होण्यास लोगन पिअरसॉल स्मिथ यांचे १९२५ चे पुस्तक यावे लागले. नाव सुचविले होते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

४/ गंमत अशी की, या कुलुपाची किल्ली संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या खिशातच होती. ‘हृ’ धातूचा मूळ अर्थ नेणे. त्यापासून ‘हार’ झाला. पण उपसर्ग बदलताच आहार, विहार, प्रहार, संहार असे अर्थ पालटतात. ‘प्र’ आणि ‘हार’ वेगवेगळे उलगडून ‘प्रहार’ कोणी समजून घेत नाही; तो अखंडच शिकावा लागतो. ‘पुट ऑफ’चेही तसेच.

५/ ‘पण इंग्रजीत तो तुकडा क्रियापदानंतर येतो, शिवाय मध्ये दुसरे शब्दही शिरतात!’ असा आक्षेप येईल. तर, वैदिक भाषेतही उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शके आणि दोहोंमध्ये इतर शब्द येत. पुढे संस्कृतात तो क्रियापदास कायमचा चिकटला. इंग्रजीत उलटे घडले. जुन्या इंग्रजीत आधी येणारे असे अनेक तुकडे कालांतराने मागे गेले. काही जुन्या जागीच राहिले. म्हणून ‘अपहोल्ड’ म्हणजे उचलून धरणे, तर ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे किंवा चक्क लुटणे!

६/ आणि साहेबाचे काय? कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांसही देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. ‘सांगून टाकले’ यात काहीच टाकलेले नसते, ‘लिहून काढ’ यात काही बाहेर काढायचे नसते. ‘तो पैसे हरवून बसला’ हे वाक्य पुढ्यात आल्यावर बिचाऱ्याने खुर्ची शोधली असल्यास नवल नाही.